दिघीच्या फेरीबोटीवर, एका दमात

ओंकारचं गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे आणि दिघीची फेरीबोट खाडी ओलांडायला पंधरा-वीस मिनिटं घेते. कॅन्टीनमध्ये चहा पिताना ही दोन वाक्यं एकापाठोपाठ बोलली गेली आणि आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा निकाल तिथंच लागला. व्हिडिओ बोटीवर करायचा! तोही मध्ये एकही कट न घेता. कॅमेरा सुरू झाला की गाणं संपेपर्यंत थांबायचं नाही. रूपाली नाचत राहील, मागं गाड्या, माणसं, पाणी, डोंगर, जे येईल ते येईल.

आम्ही तिघं पुण्यात मीडियाच्या कॉलेजात शिकतो. मी मुक्ता, माझ्याकडे दिग्दर्शन आणि कॅमेरा. ओंकारकडे संगीत. त्याच्या गाण्याला शब्द नाहीत, नुसता नाचायला लावणारा ठेका. आणि नाचणार रूपाली. तिच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट थोडं फाटलंय, परीक्षेनंतर ऑपरेशन आहे आणि त्यानंतर निदान वर्षभर नाच बंद. तिच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी कशीबशी परवानगी दिली होती, पट्टा बांधून दिवसातून तीनदा. चौथ्यांदा नाही.

एका दमात शूट करायचा हट्टही तिचाच. "तुकडे जोडलेला नाच नको मला. एकदा अख्खा नाचलेला बघायचाय," ती म्हणाली.

भांडण मात्र एका आकड्यावरून चालू होतं. ओंकारच्या गाण्यात मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोके. रूपाली महिनाभर म्हणत होती, थोडं हळू कर, उडी मारून खाली येताना गुडघ्याला सावरायला वेळच मिळत नाही. ओंकारचं उत्तर ठरलेलं असायचं, "त्याच्या खाली आलं की डान्स ट्रॅक राहत नाही, भजन होतं." मी दोघांच्या मध्ये बसून वेळापत्रक लिहीत असायचे. तिच्या दुखण्यासाठी त्यात एक ओळ होती: 'विश्रांती, दहा मिनिटं'.

पहिला दिवस. स्वारगेटहून सकाळची श्रीवर्धनची एसटी. मुलींना अर्धं तिकीट, त्यामुळे ओंकार कंडक्टरकडे बघून उगाच उसासे टाकत होता. ताम्हिणी उतरताना खिडकीतून येणारा वारा असा, की बोलायला तोंड उघडलं की शब्द मागच्या सीटवर जातात. रूपालीने पाय ट्रायपॉडच्या पिशवीवर लांब केला होता. कंडक्टर ओरडायला आला, "ताई, पाय आत घ्या." मग पट्टा दिसला. त्याने पुढच्या सीटवरची स्वतःची पेटी उचलली आणि तिला तिथं बसवलं. माणगावला वडापाव, म्हसळ्याला पाणी आणि दुपार कलताना बोर्ली पंचतन. तुम्ही जाणार असाल तर लिंबू आणि आल्याच्या वड्या जवळ ठेवा. घाट सुंदर आहे, पण पोटाला ते सांगावं लागतं.

बोर्लीत ओंकारची सुनंदामावशी राहते, बाजाराच्या मागं. घर चार खोल्यांचं, मागं सुपारीची वाडी. दिवेआगर इथून अगदी जवळ. सगळे पर्यटक तिकडे पळतात म्हणून बोर्ली आपली निवांत असते. रात्री तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण.

"खावा, लाजू नका. नाचायचंय ना उद्या?" मावशी म्हणाली. मग पट्ट्याकडे बघून, "ह्या पायानं?"

"ह्याच पायानं," रूपाली म्हणाली. "दुसरा कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी रिक्षाने दिघी. रस्ता अर्ध्या तासाचा, शेवटच्या वळणावर खाडी एकदम समोर येते. आम्ही तिघंही मोठ्यानं ओरडलो. रिक्षावाला दचकला. पलीकडे आगरदांडा, तिथून पुढं मुरुड, अलिबाग. बोट चालू नसती तर खाडीला भलामोठा वळसा पडला असता.

जेटीवरच्या केबिनमधले मॅनेजर शांत गृहस्थ होते. आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाड्यांच्या मध्ये नाचायचं?"

"सकाळी गाड्या कमी असतात ना?"

"असतात. पण पोरगी पाण्यात पडली तर?"

शेवटी रीतसर अर्ज लिहून घेतला. अट एक, बोटीच्या तोंडाशी जो लोखंडी उतार असतो त्यापासून चार पावलं आत दोरी बांधायची आणि तिच्या पलीकडे कुणी जायचं नाही. तिकीट नेहमीचंच, चहा-वडापावच्या पैशात माणूस पलीकडे जातो. बोट सुटायच्या वेळा मात्र तिथंच विचारा, इंटरनेटवर मिळालेल्या आम्हाला चुकीच्या निघाल्या.

बोट निघाली. खाली गाड्यांच्या डेकवर दोन कार, पाच-सहा मोटारसायकली आणि मधे छान मोकळी जागा. मी "चालू!" म्हटलं, ओंकारने स्पीकर लावला, आणि त्याच क्षणी इंजिनांनी वेग घेतला. स्पीकर गिळून टाकला! मिनिटाभरात रूपाली ठेक्याच्या बाहेर गेली. थांबलो. ओंकारने तिच्या कानात बिनवायरीचा इअरफोन घातला. पहिल्याच गिरकीला तो उडाला, लोखंडावर एकदा टणकन वाजला आणि खाडीत. माझाच होता.

दोन वेळा झालं होतं. परतीच्या फेरीला तिसरी वेळ. दुसऱ्या कानातला इअरफोन चिकटपट्टीने कानाला चिकटवला. यावेळी नाच पुढं गेला, अडीच मिनिटं, तीन, आणि शेवटच्या उडीला तिचा गुडघा दुमडला. ती पडली नाही. हळूच खाली बसली, जणू बसायचंच होतं. चेहरा पांढरा.

दिघीच्या जेटीवर उतरल्यावर ओंकार म्हणाला, "उडी थोडी आधी घेतली असतीस तर..."

"तर काय?" रूपालीने त्याच्याकडे बघितलंही नाही. "तुझं गाणं पळतंय ओंकार, मी नाही पळू शकत. मी जाते घरी."

ओंकारने बॅग उचलली आणि पुन्हा बोटीत जाऊन बसला. एकटाच. मी रूपालीला घेऊन बोर्लीला आले.

मावशीने गुडघा बघितला आणि बाजारातून बर्फ आणला. मासळीवाल्यांचा बर्फ! दुपारभर तो फडक्यात बांधून लावला आणि खोलीभर बांगड्याचा वास. रूपालीला रडू येत होतं आणि वासाने हसूही येत होतं. मी वही काढली, उद्या परत जायच्या एसटीची वेळ लिहिली आणि पेन खाली ठेवलं.

ओंकार संध्याकाळी आला. केस खाऱ्या वाऱ्याने ताठ, डोळे लाल. पायरीवर बसला, लॅपटॉप उघडला आणि हेडफोन रूपालीसमोर धरला.

"हे ऐक. फक्त ऐक."

तो दिवसभर बोटीवर येरझाऱ्या घालत होता. तिसऱ्या फेरीला बोट चालवणाऱ्या युसूफचाचांनी त्याला वर बोलावून घेतलं आणि विचारलं, काय हरवलंय? ओंकार म्हणाला, ठोका. चाचांना त्याचं काहीच नवल वाटलं नाही. म्हणाले, "ठोका तर बोटीतच हाय. दोन मशिनी हायत ना. एक जराशी म्होरं, एक मागं. दोघींच्या आवाजाचं भांडण लागतं, ते घुमतं. पायाला लागतं बघ."

ओंकारने चपला काढल्या. लोखंडातून घुंऽ घुंऽ घुंऽ, एकसारखं. त्याने मोजलं. मिनिटाला एकशे बारा. खाडीच्या मधोमध, वेग कायम असताना, सात-आठ मिनिटं ते अजिबात बदलत नव्हतं. त्याने तो आवाज फोनवर रेकॉर्ड केला, बोटीवरच बसून अख्खं गाणं एकशे बारावर आणलं, त्यात ते लांबून चार मिनिटांच्या थोडं वर गेलं, आणि तो घुमारा खाली अंथरला.

"स्पीकर नको, इअरफोन नको," तो भराभर बोलत होता. "तुला तळपायातून ठेका मिळेल. आणि हळू झालंय तर किती भारी झालंय माहितीये? खोल झालंय!"

रूपालीने शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढला.

"मी महिनाभर सांगत होते तेव्हा नाही ऐकलंस. इंजिनाचं ऐकलंस."

ओंकारने लॅपटॉप मिटला. "हो," तो म्हणाला. "चुकलं माझं. गाणं राहू दे. नाही नाचलीस तरी मी ते आता एकशे बाराच ठेवणार."

मला वाटलं, माझंही काहीतरी म्हणायचं राहिलंय. "माझंही चुकलं," मी म्हटलं. "तू दुखतंय म्हणालीस की मी दहा मिनिटं लिहायचे." ते ऐकून ती मोठ्यानं हसली. मग हेडफोन परत कानाला लावला आणि बसल्या बसल्या नुसत्या हातांनी नाच करून बघायला लागली. उडीच्या जागी तिने उठून एक संथ गिरकी घेतली, डाव्या पायावर. आतून मावशी ओरडली, "बस गं गप, पाय सुजलाय!"

तिसरा दिवस. सूज बरीच उतरली होती. "दोनदा," रूपालीने रिक्षातच सांगितलं. "तिसऱ्यांदा विचारायचं नाही."

युसूफचाचा वरून वाकून म्हणाले, "मी मशिनीवरचा हात हलवनार न्हाय, वेग तोच ठेवनार. पन समोर मासेमारीची बोट आली तर तुमचं गानं गेलं, मंग रागवू नका."

लोखंड सकाळी थंड होतं. रूपाली अनवाणी मधे उभी राहिली, डोळे मिटले, आणि मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं की तिला ठेका मिळालाय. हात वर केला. मी कॅमेरा चालू केला. काय सुरुवात होती ती! प्रवाशांना गाणं ऐकूच येत नव्हतं, त्यांच्यासाठी एक मुलगी विनासंगीत नाचत होती, पण मोटारसायकलवाल्यांची बोटं टाक्यांवर वाजायला लागली होती. कारण ठेका त्यांच्याही पायाखाली होता. मी तिच्यासमोर उलटी चालत मागं मागं जात होते. दोन मिनिटं झाली आणि माझी पाठ एका स्कूटरवर आपटली. हॉर्न वाजला, चित्र हललं, सगळं संपलं.

रूपालीने भिंतीला टेकून पाय लांब केला, श्वास मोजला. एकच वेळ उरली होती, आणि पलीकडच्या जेटीवरचे दिव्यांचे खांब जवळ येत होते. या फेरीत जमणार नव्हतं. आगरदांड्याला दोन-तीन तास थांबलो, तिने पायाला बर्फ लावला, मी काहीही लिहिलं नाही.

परतीच्या फेरीला एक कोळीण बाई चढली. हिरवं लुगडं, रिकाम्या टोपल्या, मुरुडला मासळी विकून परत निघालेली. सकाळी पलीकडे जाताना तिने वरच्या डेकवरून सगळा प्रकार पाहिला होता. माझ्याजवळ आली आणि मागून माझा कुर्ता कमरेपाशी मुठीत धरला.

"तू तिच्याकडं बघ. मागं बघू नको. मी हाय."

"पण मावशी, मला उलटं चालायचंय, गाड्यांच्या मधून."

"कळलं गो. सकालपासून तेच तर बघतंय. चल."

हात वर. कॅमेरा चालू. रूपाली निघाली आणि मी मागं. कुर्त्याला डावीकडे झटका बसला की मी डावीकडे, उजवीकडे बसला की उजवीकडे. मी एकदाही मागं बघितलं नाही. रूपाली दोन कारच्या मधून आली, मोटारसायकलींना वळसा घातला, दोरीपाशी वळली, तिच्यामागं अख्खी खाडी उघडली आणि दूर जंजिऱ्याची काळी रेघ आली. साडेतीन मिनिटं. गिरकी आली. डाव्या पायावर, संथ, हात पाण्यासारखे पसरलेले. ती थांबली. मी दहा आकडे मोजले आणि कॅमेरा बंद केला.

मग काय झालं ते नीट आठवत नाही. ओंकार रडत होता हे आठवतं. लोक टाळ्या वाजवत होते आणि वरून युसूफचाचांनी भोंगा असा लांब वाजवला की कोळीणबाईने कानांवर हात ठेवले. मी तिला मिठी मारली. "सोड गो," ती म्हणाली, "टोपली चेपतंय माजी."

चौथ्या दिवशी परत. मावशीने सुक्या बोंबलांची पुडी दिली, एसटीत सगळ्यांना कळलं.

कॉलेजात व्हिडिओ दाखवला. परीक्षकांनी विचारलं, शेवटी उडी असती तर जास्त उठाव आला नसता का? ओंकार माझ्याही आधी "नाही" म्हणाला. गुण बरे मिळाले. त्या चार मिनिटांत मी कॅमेरा धरला होता इतकंच. बोट युसूफचाचांनी सरळ ठेवली, मला एका अनोळखी बाईने चालवलं आणि नाच सगळा रूपालीचा. दिग्दर्शन शिकायला मी तीन वर्षं फी भरली आणि त्यातलं कामाचं, ऐकायचं कसं, ते मला त्या चार दिवसांत कळलं.

रूपालीचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो तेव्हा तिची आई म्हणाली, अजून पाहिलाच नाही मी व्हिडिओ, दाखवा. वॉर्डात आवाज करायची मनाई, म्हणून फोन मुका करून तिच्या हातात दिला. आई बघत होती. शेजारच्या खाटेवर माकडहाड मोडलेल्या एक आजी होत्या, त्या कुशीवर वळून तिरप्या नजरेने बघायला लागल्या. थोड्या वेळाने त्यांची मान हलायला लागली. खाली, वर. खाली, वर. बरोबर ठेक्यात.

व्हिडिओ संपला तशा त्या म्हणाल्या, "छान आहे गं गाणं. पुन्हा लाव."