नायलॉनचं शीड

रघुनाथ तांडेलचे तळहात घामेजायचे. सगळं त्यातूनच निघालं, म्हणून ते आधी सांगते. हर्णैला त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मचव्यांची शिडं शिवायचे. रघुनाथने हात लावला की सुती कापडावर डाग उठे, आणि दाभण महिनाभरात गंजे. वडील म्हणाले, "याला शाळेत घाला." थोरला भाऊ सुधाकर शिडं शिवायच्या मांडवात राहिला, हा शिकला आणि सिल्वासाच्या शाळेत हस्तव्यवसायाचा शिक्षक म्हणून आला. मी तिथंच इतिहास शिकवायची. आमची घरं एका भिंतीची, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं.

लोक त्याला शांत म्हणत. शांत कसला? खंतावलेला होता. दिवाळीला गावी जाताना सिल्वासाजवळच्या रांध्याच्या रानातून ऐनाची साल पोतंभर न्यायचा. तिच्या काढ्यात शिडं रंगवतात, म्हणजे ती लवकर कुजत नाहीत. सुधाकर पोतं उतरवून घ्यायचा आणि म्हणायचा, "बसा मास्तर, चहा घ्या." सख्खा भाऊ मास्तर म्हणतो, हे रघुनाथला फार लागायचं.

चौसष्टच्या पावसाळ्यात त्याने चार कापडांच्या पट्ट्या आणल्या: ताग, सण, सुती आणि मुंबईच्या बाजारातलं पॅराशूटचं नायलॉन. अथालजवळ नदीकाठच्या झाडाला बांधून त्या पाण्यात सोडल्या. मधूनमधून काढायचा, शाळेच्या व्हरांड्यात वाळवायचा आणि विटा टांगून ताण बघायचा. मुलांना मजा वाटे, हेडमास्तरांना वेडेपणा. ताग आधी लिबलिबीत झाला. सुतीवर काळे ठिपके आले आणि ते फाटलं. सण टिकला, पण भिजला की फळीसारखा ताठ आणि जड, तो डोलकाठीवर चढवणार कोण? नायलॉन होतं तसंच राहिलं. आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर घामाचा डाग पडत नव्हता.

"शैलजाबाई, हे मला शिवता येईल," तो म्हणाला. एवढा आनंदी मी त्याला पुन्हा पाहिला नाही.

पासष्टच्या मे महिन्यात कापडाचा गठ्ठा घेऊन तो हर्णैला गेला. पुढचं त्याची बायको मालती हिने सांगितलं, ती तिथं होती. त्यांच्या मांडवात रीत अशी की नवं कापड आधी दोन महिने वाळूवर पसरायचं, भिजवायचं, वाळवायचं, मगच कात्री लावायची.

सुधाकर म्हणाला, "टाक वाळूवर."

"दादा, ते सुती आटतं म्हणून. हे आटतच नाही. मी बघितलंय."

"बघितलंस कुठं? नदीत? नदीत काय शिडं चालतात?"

"पाणी ते पाणी. आणि दोन महिन्यांनी माझी सुट्टी संपलेली असेल, मग शिवणार कोण?"

 सुधाकरने हातातलं दाभण त्याला दिलं. "घे रघ्या. शीव."

रघ्या! मालती सांगते, दोघे भाऊ समोरासमोर बसून सुट्टीभर शिवत होते आणि जेवायला बोलावलं तरी उठत नव्हते. नारळी पौर्णिमेनंतर ते पांढरं शीड एका मचव्यावर चढलं. हलकं, देखणं. बंदरातले लोक बघायला आले.

रघुनाथच्या त्या पट्ट्या नदीच्या पाण्यात होत्या, नाहीतर व्हरांड्याच्या सावलीत. ऊन त्यांनी पाहिलंच नव्हतं, आणि नायलॉनचा काळ म्हणजे ऊन, उन्हात ते विरत जातं. वाळूवर दोन महिने पडलं असतं तर निदान संशय तरी आला असता. रीत आटण्यासाठी होती हे रघुनाथचं खरं. पण तिच्यात आणखी काय काय पारखलं जात होतं, ते कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. दुसऱ्या हंगामात वाऱ्याच्या एका झोताने शीड वरपासून खालपर्यंत उभं फाटलं. मचवा खडकावर गेला. बाकीचे पोहून आले, मचवा हाकणारा म्हातारा नाखवा आला नाही.

सुधाकरने बंदरात कुणाला भावाचं नाव सांगितलं नाही. शीड माझ्या मांडवातलं, एवढंच म्हणाला. त्यानंतर त्या मांडवात कुणी शिवायला कापड टाकलं नाही. वर्षभराने तो सिल्वासाला आला. रघुनाथने खटपट करून त्याला आमच्या शाळेत शिपाई म्हणून लावलं. दोघे भाऊ एका घरात राहू लागले, आणि भिंतीपलीकडून मला ताटांच्या आवाजाशिवाय काही ऐकू येईना. भांडले असते तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे.

एकोणसत्तरमध्ये स्नेहसंमेलनाच्या मांडवाला कापड घ्यायचं होतं. शिक्षकांच्या खोलीत हेडमास्तर रघुनाथला सहज म्हणाले, "तांडेल, तुम्ही सांगा, कुठलं घ्यावं?"

सुधाकर दारात चहाचे कप गोळा करत होता. रघुनाथने उत्तर देण्याआधी तोच बोलला. आवाजात राग नव्हता.

"मास्तरांना नका विचारू, साहेब. त्यांना कापडातलं कळत नाही."

"बरोबर आहे," रघुनाथ म्हणाला. त्याने हात रुमालाला पुसले, खडू उचलला आणि वर्गावर गेला.