कॅमेरा फक्त घरगुती वापरासाठी

माझ्या मित्राच्या कॅमेऱ्याची लेन्स बाहेर आली ती परत आत गेलीच नाही. महाशिवरात्र तोंडावर आली होती. स्क्रीनवर सूचना आली, लेन्समध्ये बिघाड आहे, कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करा. त्यानं केला. आतून दात खाल्ल्यासारखा आवाज आला, लेन्स थरथरली आणि अर्ध्यात अडकली. त्यानं पुन्हा केला. कंपनीनं सांगितलेला उपाय एवढाच होता, आणि तो दिवसभर करत राहिला तरी चालला असता, कारण त्या उपायाला कंपनीचं काहीच जात नव्हतं.

मित्र वेरूळच्या पलीकडच्या धनगरवस्तीवरचा. आम्ही कॉलेजात एका बाकावर बसायचो. त्याचे वडील आणि चुलते मेंढरांमागं असतात, आणि हा कैलास लेण्यासमोर पर्यटकांचे फोटो काढतो. पाठीवरच्या पिशवीत छोटा प्रिंटर. फोटो काढला की कार्ड प्रिंटरमध्ये, दोन मिनिटांत फोटो हातात. लोक म्हणतात, आता सगळ्यांकडं मोबाइल आहेत, हा धंदा कोण करतं? करतात. पण मोबाइलवर फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरला गिऱ्हाईक विचारत नाही. "भैया, मोबाइल तो हमारे पास भी है," म्हणून पुढं जातं. हातात कॅमेरा दिसला पाहिजे. मोठा कॅमेरा त्याच्या आवाक्याबाहेरचा, आणि गर्दीत एका हातानं माणसं सरकवायची तर दुसऱ्या हातात मावेल असाच पाहिजे. म्हणून हा खिशातला.

तिथं जागेचा एक नियम आहे. कुठंही लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. लेण्यासमोर एकच अशी जागा आहे जिथून माणूसही मोठा दिसतो आणि मागचं सगळं लेणं फोटोत बसतं. ती मित्राची. त्याच्याआधी त्याच्या मामाची होती. कुणाची जागा कुणी घेत नाही, पण महाशिवरात्रीला घृष्णेश्वराची गर्दी लेण्यांकडं वळते, आणि त्या दिवशी जो जागेवर कॅमेरा घेऊन उभा नाही त्याची जागा गेली. पुढं भांडून उपयोग नाही. त्यामुळं प्रश्न साधा होता. महाशिवरात्रीच्या सकाळी त्याच्या गळ्यात चालू कॅमेरा असेल की नाही.

कॅमेरा घेऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. वॉरंटी चालू होती. तरी त्याची काय दशा झाली होती ते सांगते. बॅटरीच्या झाकणाची कडी पहिल्या उन्हाळ्यातच तुटली, तेव्हापासून झाकणाला रबरबँड. तार लावायच्या भोकावरचं रबरी बूच निघून हरवलं. पट्टा अडकवायचा आकडा एका बाजूनं हलायचा. वरचा चंदेरी रंग बोटांच्या जागी निघाला आणि खालून काळं प्लास्टिक दिसायला लागलं. जाहिरातीत हा कॅमेरा एक मुलगी समुद्रावर हवेत उडवते आणि झेलते. मला त्या मुलीला भेटायचंय. तिला आमच्या दौलताबादच्या घाटातून काळीपिवळी जीपमध्ये बसवून वेरूळला न्यायचंय, खिडकी उघडी ठेवून, आणि मग विचारायचंय, बाई, लेन्स उघडते का बघ.

मी त्याच्याबरोबर सर्व्हिस सेंटरला गेले, शहरात, जालना रोडला. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर बर्फाच्या डोंगराचा फोटो. काउंटरवरच्या माणसानं लेन्सच्या कडेवर टॉर्च मारला आणि त्याचा चेहरा उजळला.

"हे पिवळं काय आहे?"

त्यानं नखानं कड खरवडली.

"हळद आहे ही. सर, तुम्ही कॅमेऱ्यात हळद टाकली?"

काउंटरमागच्या खुर्च्यांवरची दोन पोरं हसली. त्या माणसानं कॅमेरा परत सरकवला, बाहेरचं काही आत गेलं की वॉरंटी नाही.

हळद नव्हे, भंडारा. हे मला मित्रानं बाहेर फुटपाथवर सांगितलं. त्यांच्या घरात नवीन वस्तू आली की आधी शहराजवळच्या सातारा गावच्या खंडोबाला जाते. मोटारसायकल गेली, पाण्याची मोटर गेली, मोबाइल गेला, तसा कॅमेराही गेला. मोबाइलला आणि मोटरीला वरून चिमूट टाकली की झालं. पण कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. त्याची आई म्हणाली, डोळा मिटलेल्याला देव कसा दिसंल? म्हणून कॅमेरा चालू करून, लेन्स पुरती बाहेर काढून देवासमोर धरला. देवानं त्याला बघितलं, त्यानं देवाला बघितलं, आणि आईनं वरून भंडारा उधळला.

मी धम्म स्वीकारलेल्या घरातली. आमच्यात हळद भाजीत जाते, वस्तूंवर नाही. मित्राला मी तिथंच झाडलं. म्हटलं, मशीनवर कुणी पूड टाकतं का?

तो म्हणाला, "तुझ्या मिरवणुकीत निळा गुलाल उडतो तवा कॅमेरे घरी ठिवता व्हय गं तुम्ही?"

मग मला जो राग आला तो त्याच्यावर नव्हता. भंडारा उधळून पाऊण वर्ष होऊन गेलं होतं. पाऊण वर्ष कॅमेऱ्यानं रोज फोटो काढले. आणि समजा भंडाऱ्यानंच बिघडला, तरी काय? ज्या मुलखात भंडारा उधळतात, गुलाल उडतो, ज्वारीचं खळं होतं, रस्त्यावर डांबर कमी आणि फुफाटा जास्त असतो, त्या मुलखात तुम्ही ही वस्तू विकता. आमच्याकडची हवा काय तुम्हाला न विचारता आली? लेन्सच्या एकात एक बसलेल्या नळ्या, त्यांच्यामधल्या फटी उघड्या, ना रबर ना ब्रश. पाण्याच्या मोटरीला भंडारा चालतो, हिला का चालत नाही?

वॉरंटीचा कागद मी बसून वाचला. धूळ, वाळू, ओल, घाम, पडणं, दाबलं जाणं, बाहेरची वस्तू आत जाणं, यातलं काही भरून मिळणार नाही. म्हणजे कॅमेरा काचेच्या कपाटात ठेवायचा आणि घरच्यांनी समोर बसून बघायचा. एवढं केलं तर वॉरंटी आहे.

आमच्या गटात मी विषय काढला. आम्ही पाणीपट्टीवर, रेशनवर पत्रकं काढतो. आमचे एक ज्येष्ठ साथी चहा संपवून म्हणाले, "खंडोबाची केस आपण घ्यायची? उद्या लिंबू-मिरचीची घेऊ." सगळे हसले. मला त्या हसण्याचा जास्त राग आला. काउंटरवरची पोरं हसली तसंच ते होतं, फक्त इथं भिंतीवर बर्फाचा डोंगर नव्हता. मी पत्रक स्वतःच लिहिलं आणि स्वतःच छापलं. मथळा दिला: "धूळ चालत नसेल तर मराठवाड्यात विकू नका."

पण वस्तीवर वेगळंच होऊन बसलं होतं. मित्राची आई, तिला मी मावशी म्हणते, बोलायची थांबली होती. सर्व्हिस सेंटरवाल्यानं हळद म्हटली ते तिच्या कानावर गेलं. चुलीपुढं बसून ती एवढंच म्हणाली, "माझ्याच हातानं जागा गेली लेकराची."

मी म्हटलं, "मावशी, उद्या चला माझ्यासंगं. कॅमेरा आपल्यासमोर उघडायला लावू."

"आन आत भंडाराच निघाला तर?"

"निघाला तर निघाला. बघू तर."

मित्रानं आधी गुलमंडीतल्या एका ओळखीच्या दुकानात कॅमेरा उघडून घ्यायचं ठरवलं होतं. पण कागदात तेही लिहिलेलं होतं. बाहेर उघडला तर वॉरंटी बाद. न उघडता दोष सिद्ध करा, आणि उघडला तर तुमचाच दोष.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मावशीनं डोक्यावरून पदर नीट घेतला, चपला बाहेर काढल्या आणि गार फरशीवर उभी राहिली. मॅनेजर आला.

"मॅडम, कस्टमरला आत अलाऊड नाही. टेक्निशियन आत उघडेल, रिपोर्ट मिळेल."

"रिपोर्ट तुम्हीच लिहिणार. इथं काउंटरवर उघडा."

"प्रोसिजर नाही तशी."

मी खाली बसले. फरशीवर, दारासमोर. माझ्याशेजारी मावशी बसली. ती काही आंदोलन करत नव्हती, पाय दुखत होते म्हणून बसली, पण मॅनेजरला तो फरक कळायचं कारण नव्हतं. मी पिशवीतून पत्रकं काढली आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या हातात द्यायला लागले. तिसरं पत्रक देईपर्यंत टेक्निशियन बाहेर आला, निळी चटई अंथरली, बारीक स्क्रू काढायला लागला.

मावशी त्याच्या हातांकडं बघत होती. तिचे ओठ हलत होते. तिनं देवाचं नाव घेतलं की शिव्या दिल्या, मी विचारलं नाही.

भंडारा निघाला. बाहेरच्या कड्यावर, रेघेएवढा. आतली नळी स्वच्छ होती. मग टेक्निशियननं लेन्स ढकलणारी मोटर काढली आणि तिच्याशेजारचं चाक चिमट्यात धरलं. प्लास्टिकचं दातेरी चाक, मुगाच्या दाण्याएवढं. त्याचे एका बाजूचे दात झिजून सपाट झाले होते. एवढ्या मोठ्या नावाच्या कंपनीचा कॅमेरा, आणि त्याची सगळी उघडझाप त्या मुगाएवढ्या प्लास्टिकवर. पितळेचं असतं तर? मी विचारलं. टेक्निशियननं मॅनेजरकडं बघितलं आणि चाक खाली ठेवलं.

"म्हणजे भंडाऱ्यानं नाय बिघडला?" मावशीनं विचारलं.

"नाही आजी. हे घासलंय."

मावशी उठून उभी राहिली. किती दिवसांनी तिचा आवाज मोकळा झाला.

"मग ह्यो म्हणत व्हता हळद, हळद. तुमचंच चाक कच्चं, आन माझ्या देवाचं नाव खराब करता व्हय रं? नीट करून द्या. लई माणसं फोटू काढून घेत्यात माझ्या लेकराकडून, सकाळपासून दिवस मावळंपतोर. पोट हाय त्याचं ह्याच्यावर."

मॅनेजरनं पेन उचललं. अगदी हळू, शांतपणे.

"म्हणजे व्यवसायासाठी वापरता."

"तर काय. फुकाट काढतंय व्हय?"

"आजी, हा कॅमेरा फक्त घरगुती वापरासाठी आहे." तो माझ्याकडं वळला. "कमर्शियल यूज, मॅडम. वॉरंटी लागू होत नाही. पान चार, खाली."

पान चार मी वाचलं होतं. खाली, सगळ्यात बारीक अक्षरात. मी ओरडले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, छापता येणार नाही. म्हटलं, वर्षभरही न टिकणारं चाक बसवायचं आणि मग म्हणायचं तुम्ही जास्त वापरलात, ही चोरी आहे. फोटो काढायच्या वस्तूनं जास्त फोटो काढले, हा गुन्हा? तो ऐकत होता. त्याला पगार ऐकायचाच मिळतो. मावशी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. देवावरचा आळ गेला होता आणि त्याच दमात तिच्या शब्दांनी पोराचा कॅमेरा गेला होता. तिला हे कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती म्हणाली, "मी काय खोटं बोलले?"

"नाय आई," मित्र म्हणाला. "चल."

कॅमेरा त्यांनी परत जोडून दिला. अर्ध्यात अडकलेली लेन्स तशीच.

महाशिवरात्रीला मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन माझ्या घरून, पडेगावहून पहिल्या काळीपिवळीत बसले. लेण्यासमोर पोचले तर मित्राच्या जागेवर मावशी. दगडावर मांडी घालून, गळ्यात तो मेलेला कॅमेरा. मित्र पहाटेच शहरात गेला होता, शहागंजला एका माणसाकडं जुना कॅमेरा बघायला. असले जुने कॅमेरे हल्ली कॉलेजच्या पोरी रीलसाठी घेतात म्हणे, म्हणून तेही पटकन मिळत नाहीत.

शेजारच्या जागेवरचा फोटोग्राफर लांबून बघत होता. शेवटी आला.

"क्या अम्मा, यहाँ कायकू बैठे?"

"फोटू काढायला."

"आपको आता?"

"तू शिकलास तवा कोण आलं व्हतं तुला शिकवाया? आईच ना?"

तो हसला. पण गेला नाही. "अम्मा, रूल सबको मालूम है. कॅमेरा चालू पाहिजे."

"चालू हाय. डोळा उघडाच हाय की." तिनं अडकलेली लेन्स त्याच्यापुढं धरली. "लेकरू प्रिंटराचं कागद आणाया गेलंय. येतंय. तू तुझ्या जागंवर जा, गिऱ्हाईक चाललं बघ तुझं."

गिऱ्हाईक खरंच चाललं होतं. तो पळाला. थोड्या वेळानं परत आला, पुन्हा मावशीनं त्याला पळवला. एका कुटुंबानं फोटो मागितला तेव्हा ती म्हणाली, बॅटरी बदलून घेते, तोवर दर्शन करून या. उन्हं चढली तशी मी तिच्यावर पदराची सावली धरली, तर म्हणाली, "तू तुझं कागद वाट. हितं दोघी बसलो तर त्येला वाटंल आपण भिलो."

मी पत्रकं वाटली. त्यातली बरीच पत्रकं लोकांनी बसायला खाली अंथरली.

मित्र दुपारी आला, पळत, घामानं भिजलेला. हातात जुना कॅमेरा. त्याच कंपनीचा, आधीच्या मॉडेलचा, दुसरा मिळालाच नाही. धातूचं अंग, कोपरे घासलेले, जड. त्यानं बटण दाबलं. लेन्स खरखरत बाहेर आली. शेजारचा फोटोग्राफर मान वर करून बघत होता. मावशी दगडावरून उठली, मित्र जागेवर उभा राहिला, आणि सकाळी फोटो मागणारी ती माणसं दर्शन करून परत येताना दिसली.

मी म्हटलं, "हाही त्याच चोरांचा आहे. आत तेच चाक असणार. किती दिवस चालणार?"

"आज तर चालू दे," तो म्हणाला आणि हातानं त्या माणसांना जवळ बोलवायला लागला. "साब, थोडा बाजू में. बच्चे को आगे लो."