फोटोपुरतं धान

साहेबांनी मासिक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "हे आपल्याला इथं करायचंय."

चीनमधून आलेलं गुळगुळीत कागदाचं मासिक होतं. फोटोत पिकलेलं धान इतकं दाट की त्यावर लहान मुलं उभी होती. गोष्ट १९५८-५९ च्या सुमाराची. मी गोंदियाकडे ब्लॉकमध्ये एक्स्टेंशन ऑफिसर होतो, म्हणजे शेतीची नवी पद्धत गावोगावी नेणारा नोकर.

माझा स्वभावच संशयी. बी घेतानाही चावून बघायचो. म्हटलं, "साहेब, एवढ्या दाटीत वारा शिरणार नाही. पीक खालून सडेल."

साहेब, म्हणजे आमचे ब्लॉकचे प्रमुख, साम्यवादाची पुस्तकं वाचून भारावलेले. माणूस वाईट नव्हता. चीनमध्ये मालक नाही, जमीन सगळ्यांची, काय लावायचं ते शेतकरीच ठरवतात, असं त्यांनी मला बराच वेळ समजावलं. इथं काय लावायचं ते मात्र त्यांनी एकट्यानं ठरवलं.

बोदलकसा तलावाच्या बाजूच्या सुकरू मेंढेची बांधी निवडली. बांधी म्हणजे धुरे घालून पाणी अडवलेलं धानाचं शेत. सुकरूच्या पाच बांध्या, त्यावरच वर्षभराचं घर चालायचं. मी हट्टानं हा प्रयोग एकाच बांधीपुरता ठेवला. रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, साहेबांनी स्वतः उभं राहून करवून घेतला. बोट शिरेल एवढीही जागा सोडली नाही.

व्हायचं तेच झालं. लोंब्या निसवायच्या आधीच मधली रोपं पिवळी पडली, मग कुजली. चार हातांवरूनच वास यायचा.

त्यातच निरोप आला, मुंबईहून मोठे अधिकारी प्रयोग बघायला येणार. साहेबांनी आधीच वर भरघोस पिकाचा रिपोर्ट पाठवला होता. त्यांनी मला आत बोलावून दार लावलं.

"सुकरूच्या बाकीच्या बांध्यांत धान पिकलंय ना? ते मुळासकट उपटून या बांधीत खेटून उभं करा. फोटोपुरतं. पाहुणे गेले की झालं."

आपण एवढे महिने ज्या फोटोची नक्कल करत होतो, तो कसा काढला असेल ते मला त्या क्षणी कळलं.

"उपटलेलं धान उबेल, दाणा काळा पडेल. सुकरू वर्षभर खाईल काय?"

"तुम्ही प्रश्न फार विचारता."

"मग लेखी ऑर्डर द्या साहेब."

लेखी ऑर्डर काही आली नाही, त्यामुळे धानही उपटलं गेलं नाही. पाहुणे आले, नाकाला रुमाल लावून धुऱ्यावर उभे राहिले. साहेब रोगाचं काहीतरी सांगू लागले, तसा सुकरू पुढे झाला.

"रोग नाही जी. ह्याहीनंच दाट लावाले लावला. वारा शिराले जागा नाही, म्हणून सडून राहिला."

पाहुणे रुमाल न काढताच गाडीकडे वळले. सुकरू घरी जाऊन जेवला. माझी मात्र महिनाभरात बदली झाली.

निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्याच्या चार बांध्यांतलं धान घरी आलं होतं. त्यानं विचारलं, "बोललो मी, अन् बदली तुमची कायले?"

"तुझी बदली कुठं करणार? तू तुझ्या बांधीवर बसलेला."

पुढे हळूहळू चीनमधल्या बातम्या झिरपत आल्या. तिथं खरोखरच अनेक शेतांतलं धान एका शेतात रचून फोटो काढले होते. वर खोटे आकडे गेले, त्या आकड्यांच्या हिशेबानं सरकारनं धान्य उचललं, आणि पिकवणारी माणसं उपाशी मेली. वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. सुकरूसारखं बोलणारा एखादा तिथंही असेलच. पण तिथली जमीन सगळ्यांची होती, त्यामुळे त्याला परत जाऊन बसायला स्वतःची बांधी नव्हती.