रेघ उद्या

ब्रश पुसण्याआधी ते त्याचा वास घ्यायचे. रस्त्याने चालताना पाट्या पुटपुटत वाचायचे आणि वाईट अक्षर दिसलं की दाढ दुखल्यासारखा चेहरा करायचे. खिशात पेन कधीच नसे. सही करायची वेळ आली की समोरच्याकडे मागायचे. कुणाच्याही नव्या घरी गेले की आधी भिंतीवर तळहात फिरवायचे.

हे आमचे फर्राटेकाका. पाट्या रंगवायचे. शब्दाच्या शेवटी खालून एक जाडजूड शेपटी ओढायचे, म्हणून हे नाव पडलं. माझ्या वडिलांपेक्षा मोठे, तरी माझे मित्रच.

पाट्या आता छापून येतात. काम जवळजवळ संपलं होतं. तेव्हा त्यांच्या पुतणीने ठरवलं, काकांच्या अक्षरांचा फॉन्ट करायचा. कुणीही टाईप केलं तरी काकांचंच वळण उमटेल: जाड, तिरकं, जुन्या सिनेमाच्या पोस्टरवर असायचं तसं. अडचण एवढीच, की तिला अक्षरं सुटी हवी होती आणि काकांचा हात शब्दानेच चालायचा. मग सगळी अक्षरं येतील असे शब्द शोधायला मला बोलावलं. मी साहित्याची पदवी घेऊन घरीच बसले होते. चला, शिक्षण कुणाच्या तरी कामी आलं, असं काकू म्हणाल्या.

मी शब्द सांगायचे, काका रंगवायचे, पुतणी फोटो काढून अक्षरं कापायची. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ काका सगळ्यात शेवटी ओढत, एका श्वासात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तीच ते ओढेनात. आज हवा दमट आहे. आज ब्रश केस सोडतोय. रेघ उद्या. दोरीवर बोडक्या शब्दांचे कागद वाढत गेले. तुमचा उद्या कुठल्या कॅलेंडरात आहे तेवढं दाखवा, काकू म्हणायच्या.

कारण मला दिसलं होतं. छोट्या फटकाऱ्यात हात घाईने निसटून जायचा. लांब रेघेत त्याचा कंप सापडायचा. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पुढचा शब्द सांगितला.

एका दुपारी पुतणीने हट्टच धरला. त्यांनी एक रेघ ओढली. मध्यावर ती थरथरली. पुतणी हळूच म्हणाली, "काका, मी स्क्रीनवर सरळ करीन ना."

"सरळच हवी असती तर पट्टी घेतली असती की," काका म्हणाले. "मग ती माझी कशी?"

त्यांनी ठरवलं, सगळ्या रेघा एकाच सकाळी ओढायच्या. उठल्या उठल्या हात जरा शांत असतो. मला बजावलं, लवकर ये, पण माझ्याशी बोलू नको. त्यांना भीती वाटत होती. ती त्यांनी लपवलीही नाही.

मी लवकर गेले. दार उघडं होतं. काकू शेजाऱ्यांना हाका मारत होत्या. काका टेबलापाशी खाली पडले होते. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

साध्या रेघा टाकून फॉन्ट पुरा करता येईल, असं पुतणी म्हणते. कॉम्प्युटर सुरू करते आणि नुसती बसते. काय करू, मला विचारते.

टेबलावर पहिला कागद अजून चिमट्यांनी ताणलेला आहे. शब्दाच्या डाव्या कडेला, रेघ जिथून निघायची तिथे, ब्रश टेकल्याचा लाल ठिपका आहे. मी पोचले तेव्हा तो ओला होता.