अवयव सरांची दहा अंकी संख्या

आमच्या शाळेत गणित शिकवणारे, संख्यांचे अवयव पाडणारे अवयव सर माणसांना आकड्यांवरून ओळखत. आमचे हेडमास्तर म्हणजे बारा. "बाराला एक, दोन, तीन, चार, सहानं भाग जातो. बेरीज सोळा. असतो त्यापेक्षा जास्त दिसतो, विपुल संख्या." मी मराठी शिकवायचो, मला त्यांनी आठ ठरवलं होतं. "एक, दोन, चार. बेरीज सात. थोडक्यात कमी पडता."

नवी पेठेत नंबरला तिनानं भाग जाणाऱ्या रिक्षात ते बसत नसत. रिक्षावालेही तयार झाले होते. "बसा की सर, बेरीज चौदा हाय."

त्यांचा खरा जीव मात्र एका संख्येत होता. एक ते नऊ ओळीनं आणि शेवटी पुन्हा एक: १२३४५६७८९१. ही मूळ संख्या असणार, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही भाग जाणार नाही, असा त्यांचा वहीम. खात्रीसाठी पस्तीस हजारांच्या जरा पुढपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून बघायला हवं. ऑफ तासाला लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर त्यांचे भागाकार चालत. संगणकावर क्षणात होईल म्हटलं की विचारायचे, "जेवायला पण माणूस लावता का?"

त्यांच्या निरोप समारंभात मला हशा हवा होता. शाळेच्या संगणकात मी ती संख्या घातली आणि भाषणात जाहीर केलं, "सरांच्या लाडकीला तीन हजार सहाशे सातनं पूर्ण भाग जातो." सभागृह लोटपोट झालं. सर एवढंच म्हणाले, "तितं माझी बाकी एक आलती. हात चुकला असंल." त्या दिवसापासून त्यांनी भागाकार सोडले.

ती बाकी मला घरी स्वस्थ बसू देईना. पुन्हा पाहिलं. संगणकात मी शेवटचा एक घालायलाच विसरलो होतो. उरलेल्या नऊ अंकांना भाग जातो. पुढं शून्य लावलं तरी जातो. एक लावला की बाकी एकच येणार. सरांचा हात अचूक होता. मी गप्प बसलो. शाळेत अजून तो किस्सा सांगून हसतात, म्हणून हे लिहितोय.

अनेक वर्षांनी सरांच्या गावी, वळसंगला जाऊन मी त्यांना सगळं सांगितलं. तोवर त्यांची नजर गेली होती. संगणक आता ती मूळच आहे म्हणतो, हेही सांगितलं.

"त्याचं एकदा ऐकून बघितलं की," सर म्हणाले. "वीस हजारांपर्यंत माझं झालंय. पुढचं तुमी करा. मोठ्यानं करा, मला कळलं पाहिजे."

मग दर रविवारी एसटीनं वळसंग. मी हातचा विसरलो की सर म्हणायचे, "ही कविता न्हाय, रसग्रहण करू नका. भागा."

सर गेले तेव्हा आम्ही एकतीस हजारांच्या पुढं होतो. दहाव्याला त्यांचा मुलगा म्हणाला, "काका, आता कशाला त्रास घेता?" मी मान डोलावली. पुढच्या रविवारी माझ्या घरात कुणी नसताना दार लावून घेतलं, पुढची मूळ संख्या घेतली आणि मोठ्यानं भागायला लागलो.