मुकादम बसला

माझ्या मामाचा चेहरा म्हणजे शटर ओढलेलं दुकान. आत काय चाललंय ते बाहेरच्याला कळायचं नाही. हा काही जन्मजात गुण नव्हे, त्याने तो कमावलाय. मामा कुत्र्यांना वासावरून शोध घ्यायला शिकवतो. आधी तो बंदरावर होता. प्रवाशांच्या सामानात दडवलेला चोरटा माल त्याची कुत्री हुडकून काढायची. त्या कामातला पहिला धडा असा, की कुत्रा नाकाने हुंगतो त्याहून जास्त धन्याच्या तोंडावरून वाचतो. धन्याची भुवई हलली की कुत्रं खुशाल त्या पेटीपाशी बसतं आणि बक्षीस मागतं. म्हणून मामाने भुवया हलवणंच सोडून दिलं. हात पाठीमागे, नजर भिंतीवर, तोंडावरची माशी हलायची नाही.

याचा जाच घरी मामीला. "लग्न झाल्यापासून ह्यांना जेवायला वाढतेय," ती म्हणते, "पण भाजीत मीठ बरोबर पडलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. ह्यांच्यापेक्षा मुकादम बरा. निदान शेपूट तरी हलवतो."

मुकादम हा मामाचा कुत्रा. काळा, पोट जरा सुटलेलं, एक कान कायम खाली. पिल्लू असताना दारात आलेल्या प्रत्येकाची पिशवी तपासल्याशिवाय तो आत सोडायचा नाही, म्हणून मामीनेच हे नाव ठेवलं. मामा निवृत्त झाला तेव्हा मुकादम ऐन उमेदीत होता. दोघं घरी बसून एकमेकांकडे बघत उसासे टाकायचे. ते मला बघवेना, म्हणून मी मध्ये पडले आणि दोघांनाही आमच्या संशोधन संस्थेत कामाला लावलं.

आमचं काम होतं फुप्फुसाच्या कर्करोगावर. हा रोग सुरुवातीला फार लबाड असतो. खोकला नाही, दम लागत नाही, माणूस ठणठणीत दिसतो. पण आत बिघडलं की श्वासातून बाहेर पडणारी द्रव्यं किंचित बदलतात, आणि तो बदल कुत्र्यांना वासावरून ओळखता येतो, असं अलीकडच्या काही अभ्यासांत दिसलंय. तो किती खात्रीने ओळखता येतो, ते मोठ्या बाईंना तपासायचं होतं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रमुख डॉक्टर. हुशार, सरळ आणि कौतुक करायच्या बाबतीत महाचिकट.

एका रिकाम्या पांढऱ्या खोलीत मधोमध लोखंडी चक्र बसवलं होतं. त्याच्या प्रत्येक दांड्याच्या टोकाला काचेची बरणी, झाकणाला भोकं, आत सुती मास्क. त्या मास्कमध्ये कुणीतरी थोडा वेळ श्वास सोडलेला. बऱ्याच बरण्या निरोगी माणसांच्या. त्यांत कधी एक रोग्याची, कधी तीही नाही. बरण्या लावायच्या मी, आणि मग शेजारच्या खोलीत काचेमागे जाऊन बसायचं. मामाच्या बाजूने त्या काचेचा आरसा दिसायचा. कुठली बरणी रोग्याची, हे मामाला ठाऊक नसायचं. मुकादम चक्राभोवती फिरायचा, हुंगायचा आणि संशय आला की तिथे बसायचा. बरोबर बसला की मी हिरवा दिवा लावायची आणि मामा खिशातून रबरी चेंडू काढून द्यायचा. त्या चेंडूवर मुकादमचा भारी जीव.

तो इतका नेमका बसायला लागला, की मोठ्या बाई एकदा चक्क "बरं चाललंय" म्हणाल्या. आम्ही तो दिवस मोठा मानला.

अडचण आली ती निरोगी माणसांची. रोगी आम्हाला इस्पितळातून मिळायचे, पण पन्नाशीच्या पुढची, कधी विडी-सिगारेट न ओढलेली धडधाकट माणसं आणायची कुठून? तिथे मामी धावून आली. तिचं शिवणकामाचं दुकान आहे. समोर माप द्यायला उभी राहिलेली बाई मामीला नाही म्हणूच शकत नाही, कारण टाचण्या मामीच्या तोंडात असतात आणि कात्री हातात. तिने एकेक गिऱ्हाईक पकडून मास्कमध्ये श्वास सोडायला लावला आणि पिशव्या सीलबंद करून पाठवल्या. आमची एकच अट होती. कुत्रा सांभाळणाऱ्याच्या घरातल्या कुणाचा श्वास चालणार नाही. ओळखीच्या वासाला कुत्रा भुलला तर सगळंच मुसळ केरात.

आणि नेमका मुकादम चुकला, असं आम्हाला वाटलं. दुकानातून आलेल्या शेवटच्या बरणीपाशी तो बसला. बरणी निरोगी माणसाची, म्हणून मी दिवा लावला नाही. मामाने चेंडू दिला नाही. मुकादमने पूर्ण फेरी मारली आणि पुन्हा तिथेच बसला. मी बरणीची जागा बदलली. तो शोधत गेला आणि बसला. दुसऱ्या दिवशी तेच. शेवटी तर तो बसून थेट माझ्या आरशाकडे बघत भुंकला. आजवर कामात त्याने तोंड म्हणून उघडलं नव्हतं.

"हा असाच बसत राहिला तर मला त्याला काढावं लागेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि त्याचे आधीचे निकालही संशयात येतील."

"मुकादम चुकत नाही," मामा म्हणाला.

"सगळेच चुकतात."

"सगळे चुकतात. मुकादम नाही."

त्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. मामा पानावर बसूनही धुसफुसत होता. "तुझंच कुणीतरी गिऱ्हाईक आहे," तो मामीला म्हणाला. "चोरून सिगारेट ओढणारं. त्या शेवटच्या बरणीने माझ्या कुत्र्याचं नाव खराब केलं."

मामी भाजी वाढत होती. तिचा हात थांबला. "शेवटची?" तिने मला विचारलं. "दुकानातून आलेली अगदी शेवटची?"

"हो. का गं?"

"अगं, ती बाई ऐनवेळी आलीच नाही. तुमच्याकडे एक कमी पडणार. मी म्हटलं, माझा श्वास काय निराळा आहे? तिच्या पिशवीत माझाच मास्क घातला."

"आणि घरच्यांचं चालत नाही, हा नियम?"

"मी तेव्हा घरी कुठे होते? दुकानात होते!"

एरवी मी हसून लोळले असते. पण माझं लक्ष मामाकडे गेलं. त्याच्या तोंडाचं शटर धाडकन उघडलं होतं आणि आत नुसती भीती होती. मग तो घाईघाईने बोलू लागला. "मग बरोबर आहे! घरचा वास. रोज खायला कोण घालतं त्याला? ही! म्हणून बसला. चुकलाच तो. शंभर टक्के चुकला." मुकादम चुकला हे सांगताना त्याला एवढा आनंद व्हावा, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मोठ्या बाईंनी आधी मामीला फोनवरून फैलावर घेतलं. मग शांत होऊन मामाला म्हणाल्या, "घरच्या वासाला भुलला असेल तर तुमच्या श्वासालाही भुलेल. बघूया."

मामाने एका मास्कमध्ये श्वास सोडला, मामीने नव्या मास्कमध्ये. बाकीच्या बरण्या परक्या निरोगी माणसांच्या. मुकादमला आत एकटंच सोडायचं ठरलं आणि मामा पहिल्यांदाच काचेमागे माझ्याजवळ येऊन उभा राहिला. कुठली बरणी कुणाची, ते ह्या खेपेला त्यालाही सांगितलं होतं. मुकादम एकेक बरणी हुंगत मामाच्या बरणीपाशी आला. "बस," मामा पुटपुटला. "बस रे बाबा. एकदाच बस."

मुकादमने हुंगलं. शेपूट हलवली. ओळख दाखवावी तेवढी दाखवली आणि पुढे गेला. मामीच्या बरणीपाशी जाऊन मात्र तो बसला आणि आमच्याकडे बघत राहिला.

मला दिवा लावता येईना. लावणार तरी कशाच्या जोरावर? मामाने खिशात हात घातला, दार उघडून आत गेला, मुकादमसमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याला चेंडू दिला. मोठ्या बाईंनी अडवलं नाही.

"कुत्रा बसला म्हणून मी इस्पितळात जाऊन पडू?" मामीने बराच तमाशा केला. दोन जिने दमादमाने नव्हे, पळत चढून दाखवले. पण मामाने जेवणाला हात लावायचं सोडलं, तेव्हा ती मुकाट्याने तपासणीला गेली. फुप्फुसात एक बारीकशी गाठ निघाली. रोग तोच. पण अजून कुठे पसरलेला नव्हता. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर आमच्याकडे सहसा कुणी येत नाही. त्यांनी फुप्फुसाचा एक तुकडा काढला. मामीचा आवाज मात्र होता तसाच राहिला. शुद्धीवर येताच तिने नर्सच्या झग्याची शिवण उसवल्याचं दाखवून दिलं.

नियम मोडल्यामुळे मामीची बरणी अभ्यासातून वगळली गेली. मोठ्या बाई म्हणाल्या, एका बरणीवरून काही सिद्ध होत नाही. ते खरंच आहे, आणि असं म्हणणारी माणसं आहेत म्हणून संशोधनावर माझा विश्वास आहे. मामीला मात्र ते झोंबलं. "फुप्फुस माझं कापलं, आणि निबंधात माझा पत्ता नाही!"

काही महिन्यांनी मामीची फेरतपासणी झाली. सगळं स्वच्छ. डॉक्टरांनी चित्र दाखवून समजावलं. मामाने मान डोलावली आणि घरी येऊन मला फोन केला. "मशीन म्हणतंय ठीक आहे. मुकादमला विचारायचं का?"

मोठ्या बाई अशा गोष्टीला कधीच हो म्हणाल्या नसत्या. पण म्हणाल्या. "अभ्यासाबाहेर," त्यांनी मला बजावलं, "आणि नीट पद्धतीने."

म्हणून मी नीट पद्धतीने बरण्या लावल्या. मामी बाहेर बाकावर बसली. मामा मुकादमला घेऊन आत आला. हात पाठीमागे, नजर भिंतीवर. मुकादम निघाला. एक बरणी, दुसरी, तिसरी. आणि बसला.

मामाने आरशाकडे पाहिलं. रोग्याची बरणी आज चक्रावर आहे की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. मुकादम कुणापाशी बसलाय, हेही नाही. त्याचे पाठीमागचे हात सुटून खाली लोंबत होते. मामीच्या बरणीवरून मुकादम केव्हाच पुढे गेला होता. तो बसला होता इस्पितळातून आलेल्या, कुणा परक्या रोग्याच्या बरणीपाशी. माझ्या डोळ्यांतलं पाणी खळेना, त्यामुळे बटण सापडायला वेळ लागला. मग मी हिरवा दिवा लावला.

मामाला चेंडू खिशातून काढता येईना. तो तिथेच खाली बसला आणि मुकादमच्या मानेत तोंड खुपसून रडला.

मी धावत बाहेर गेले. मामी उभी राहिली होती. "बसला?"

"तुझ्यापाशी नाही. नुसतं हुंगलं आणि पुढे गेला."

"शेपूट तरी हलवली का?"

"नाही गं."

"बघा मेल्याला!" मामी ओरडली. "इतकी वर्षं खाऊ घातलं, आणि साधी ओळखसुद्धा दाखवली नाही!" आणि डोळे पुसत ती पुन्हा बाकावर बसली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून ती हीच तक्रार सांगत होती.