यांच्या शेवटच्या पिंपातला माझा पहिला घोट

मैत्रिणींनो, आज मी आयुष्यात पहिल्यांदा वाईन चाखली, तीही आमच्याच घरची.

पलूसजवळच्या माळावर आमची द्राक्षबाग आणि छोटी वायनरी. वीस वर्षं बाटल्या मीच धुतल्या. दर हंगामात हे पेला पुढं करायचे, "चाखून तर बघ. आपल्या मुरमाड मातीची चव वाईनमधी उतरलीय का सांग."

मी म्हणायची, "बाईमाणसानं प्यायचं व्हय?"

हे वारले, आणि यांनी भरलेलं शेवटचं पिंप आज उघडलं. दीर म्हणाले, "वैनी, दादाच्या हातची हाय. बाटल्यात भरायची का न्हाई, तुमीच सांगा."

घोट घेतला. तुरट लागला. चांगली की बिघडलेली, कळेना. ताडून बघायला मागच्या एकाही हंगामाची चव माझ्याकडं नव्हती.

तुमच्याकडं कुणी असा पेला पुढं करतं का? मग घेत का नाही?